वीज कंपनीचे फायबर भाड्याने देताना: कोर मोजण्यापासून बिल काढण्यापर्यंतचा क्रम

वीज वाहून नेणाऱ्या आणि वाटणाऱ्या कंपन्यांकडे स्वतःच्या गरजेसाठी उभारलेले दळणवळणाचे जाळे असते. मनोऱ्यांच्या माथ्यावरील भूतारेच्या पोटात ऑप्टिकल फायबर असतात आणि अशा तारेला ओपीजीडब्ल्यू म्हणतात. खांबांवरून एडीएसएस ही धातूविरहित केबल ओढलेली असते, आणि उपकेंद्रांत कुंपणाच्या आतली, अखंड वीज असलेली जागा असते. यांपैकी जे वापरात नाही ते मोबाइल कंपन्या, इंटरनेट सेवादार, केबलचालक, बँका आणि कारखाने यांना भाड्याने देऊन उत्पन्न मिळवता येते.

बडोद्यात हा विषय घराजवळचा आहे. पारेषण करणारी जेटको आणि मध्य गुजरातेत वितरण करणारी एमजीव्हीसीएल या दोन्ही कंपन्यांची मुख्यालये इथेच आहेत, वीजप्रवाहाचे नियोजन करणारे राज्याचे भारप्रेषण केंद्र गोत्रीला आहे, आणि या क्षेत्रात अभियंता, लेखापाल किंवा ठेकेदार म्हणून काम करणारे मराठी लोक शहरात पुष्कळ आहेत. हा लेख त्यांच्यासाठी, तसेच औद्योगिक वसाहतींच्या आणि इतर छोट्या वीज व्यवस्था सांभाळणाऱ्यांसाठी आहे.

लिहिण्याचे कारण असे की या कामाचा क्रम हमखास उलटा होतो. आधी ग्राहक येतो, मग दर ठरतो, करारावर सह्या होतात, आणि त्यानंतर कोणीतरी उपकेंद्रात जाऊन कोर, म्हणजे केबलमधले एकेक फायबर, खरोखर मोकळे आहेत का हे पाहतो. तोपर्यंत तारीख दिलेली असते, आणि मग वीजवाहिनीच्या संरक्षणासाठी ठेवलेल्या कोरवर हात जातो. पुढील टप्पे याच क्रमाने करावेत, आणि एक पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये.

टप्पा १: नेमके काय द्यायचे ते ठरवा

भाड्याने देण्यासारख्या गोष्टी चार आहेत: खांबावरील किंवा मनोऱ्यावरील जागा, डार्क फायबर, तयार बँडविड्थ आणि उपकेंद्राच्या आवारातील जागा. डार्क फायबर म्हणजे प्रकाश न सोडलेला कोर. त्याच्या दोन्ही टोकांना ग्राहक आपली यंत्रे जोडतो आणि आपली जबाबदारी काचेपुरती राहते. बँडविड्थ विकायची तर यंत्रे आपली, चोवीस तास लक्ष ठेवणारी माणसे आपली, ग्राहकाच्या तक्रारीही आपल्या, आणि दूरसंचाराचा परवानाही वेगळ्या प्रकारचा लागतो.

पहिल्यांदा या व्यवसायात उतरणाऱ्या वीज कंपनीने डार्क फायबर आणि खांबांवरील जागा एवढ्यावरच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बँडविड्थमध्ये प्रत्येक कोरमागे उत्पन्न अधिक दिसते, पण तो दुसराच धंदा आहे आणि त्यासाठी लागणारी माणसे वीज कंपनीच्या आस्थापनेत सहसा नसतात.

टप्पा २: कोरची मोजणी

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण पुढच्या जवळजवळ सर्व चुकांचे मूळ इथे असते. मी तपासलेल्या एका मार्गावर २४ कोरपैकी १२ मोकळे असल्याची नोंद होती. प्रत्यक्ष मोजणीत त्यांपैकी चार एका जॉइंट बॉक्समध्ये तुटलेले निघाले, आणि दोन कोरवर शेजारच्या उपकेंद्राचा अंतर्गत टेलिफोन चालू होता, ज्याची नोंद कुठेही नव्हती. म्हणजे देता येण्याजोगे कोर फार तर सहा होते, आणि आठ कोरच्या कराराचा मसुदा तयार होता.

पहिले काम कागदाचे आहे. प्रत्येक मार्गासाठी वेगळी फाइल उघडावी आणि तिच्यात केबलचा प्रकार, कोरची संख्या, ड्रमची (एका रिळावरील अखंड केबलची) लांबी, प्रत्येक जॉइंट बॉक्स कोणत्या क्रमांकाच्या मनोऱ्यावर आहे, दोन्ही टोकांच्या वितरण पेटीत कोणता कोर कोणत्या खणात आला आहे, आणि तो कोण वापरते, एवढे असावे. जुन्या दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या उपविभागाच्या कार्यालयात गुजराती हस्ताक्षरात पडून असतात. त्या मागवाव्यात, कारण रंगांची अदलाबदल झाली असेल तर ती तिथेच सापडते.

दुसरे काम डोळ्यांनी पाहण्याचे आहे. दोन्ही टोकांना एकाच दिवशी एकेक जाणता माणूस उभा करावा, आणि त्यांनी फोनवर बोलत खणामागून खण जुळवावेत. प्रचलित रंगक्रम निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि फिकट निळा असा बारा कोरचा असतो, आणि २४ कोरच्या केबलमध्ये तो बहुधा दोन नळ्यांत दोनदा येतो. पहिल्या नळीतला निळा आणि दुसऱ्या नळीतला निळा यांची गल्लत ही नेहमीची चूक आहे, म्हणून नोंदीत नुसता रंग न लिहिता नळी आणि रंग दोन्ही लिहावेत.

इशारा: लेबल नसलेली पॅच कॉर्ड, म्हणजे पेटीतला खण यंत्राला जोडणारी छोटी फायबर दोरी, मोकळी समजून काढू नये. वाहिनीचे डिफरन्शियल संरक्षण दोन्ही टोकांच्या विद्युत प्रवाहांची तुलना फायबरवरून करते; तो दुवा तुटला की हे संरक्षण निकामी होते आणि ती वाहिनी दुय्यम संरक्षणाच्या भरवशावर राहते. मोजणीच्या आधी संरक्षण शाखेची लेखी संमती घ्यावी आणि भारप्रेषण केंद्राला कळवावे.

तिसरे काम ओटीडीआरने, म्हणजे कोरमध्ये प्रकाशाचे स्पंद सोडून प्रकाशाची घट आणि दोषाचे अंतर दाखवणाऱ्या यंत्राने, प्रत्येक मोकळा कोर मोजण्याचे आहे. यंत्रात केबल बनवणाऱ्याने दिलेला अपवर्तनांक भरावा, नाहीतर दोषाचे अंतर चुकते आणि माणसे भलत्याच मनोऱ्यावर चढतात. सुरुवातीला यंत्र आणि कोर यांच्यामध्ये किमान ५०० मीटरची लाँच केबल जोडावी, म्हणजे पहिल्या कनेक्टरची घट यंत्राच्या अंध पट्ट्यात लपत नाही. मोजणी १३१० आणि १५५० नॅनोमीटर या दोन्ही तरंगलांबींवर करावी: जिथे १५५० वरची घट १३१० पेक्षा बरीच जास्त दिसते तिथे कोर तुटलेला नसून अवाजवी वाकलेला असतो, आणि तो दोष बहुधा जॉइंट बॉक्समधील ट्रे नीट लावून सुटतो. शिवाय मोजणी दोन्ही टोकांकडून करून जोडांच्या घटीची सरासरी काढावी. एकाच बाजूने मोजल्यास काही जोडांवर घट होण्याऐवजी वाढ झाल्याचा भास होतो, आणि त्या भासावर विसंबून वाईट जोड चांगला ठरवला जातो.

मिळालेला आकडा कशाशी ताडून पाहायचा, हे आधी गणिताने ठरवावे. समजा वाहिनीचा मार्ग ४० किलोमीटरचा आहे. तारेचा झोळ आणि जोडांजवळ ठेवलेली जास्तीची केबल धरून फायबरची लांबी ४१ किलोमीटर भरते. १५५० नॅनोमीटरवर दर किलोमीटरला ०.२२ डेसिबल धरल्यास सुमारे ९ डेसिबल होतात. साधारण ४ किलोमीटरच्या ड्रमप्रमाणे मधले ९ जोड, दोन्ही टोकांच्या गँट्रीवरचे (उपकेंद्रात वाहिनी उतरते त्या चौकटीवरचे) २ आणि पिगटेलचे (कनेक्टर लावलेल्या छोट्या फायबर तुकड्याचे) २, असे १३ जोड प्रत्येकी ०.१ प्रमाणे १.३ डेसिबल घेतात, आणि दोन कनेक्टर मिळून १ डेसिबल. एकूण सुमारे ११.३ डेसिबल. मोजलेली घट यापेक्षा ठळकपणे जास्त असेल तर तो कोर दुरुस्तीच्या यादीत जातो, देण्याच्या यादीत नाही.

पडताळणी: मोजणी संपल्यावर प्रत्येक कोरपुढे ‘वापरात’, ‘राखीव’, ‘सदोष’ किंवा ‘देण्याजोगा’ यांपैकी एकच शब्द असला पाहिजे. ‘बहुधा मोकळा’ असा रकाना राहिला असेल तर टप्पा पूर्ण झालेला नाही.

टप्पा ३: स्वतःसाठी राखून ठेवा

फायबर टाकले ते ग्रिड सुरक्षित चालावे म्हणून, भाडे त्याच्यानंतर येते. म्हणून राखीव कोर वाटाघाटीच्या आधी ठरवून तांत्रिक प्रमुखाच्या सहीने गोठवावेत, जेणेकरून ग्राहक समोर बसलेला असताना त्यांवर चर्चाच होणार नाही.

माझा आडाखा असा आहे: आज वापरात असलेल्या प्रत्येक जोडीमागे तशीच एक चाचणी केलेली राखीव जोडी ठेवावी, आणि त्यावर पुढच्या वाढीसाठी आणखी दोन जोड्या ठेवाव्यात. संरक्षणाला एक, स्काडाला (उपकेंद्रांवर दुरून देखरेख आणि नियंत्रण करणाऱ्या प्रणालीला) एक आणि कार्यालयीन वापराला एक जोडी लागत असेल, तर सहा कोर वापरात, सहा त्यांच्या मागे आणि चार वाढीसाठी, असे १६ कोर बाजूला राहतात. २४ कोरच्या केबलमधून देण्याजोगे उरतात ते आठ, तेही सगळे निर्दोष निघाले तर. हा आकडा ऐकून विक्री विभाग नाराज होतो. पण नवे उपकेंद्र वाहिनीच्या मध्यात जोडले जाते तेव्हा तिथे पुन्हा संरक्षणाच्या जोड्या लागतात, आणि भाड्याने दिलेला कोर मुदतीआधी परत मागणे कराराने महाग पडते.

राखीव जोड्या शक्यतो वेगळ्या नळीत घ्याव्यात. आणखी एक काळजी अशी की संरक्षणाचा मुख्य आणि पर्यायी मार्ग एकाच मनोऱ्यांच्या रांगेवरून जात असतील, तर त्यांना दोन मार्ग समजू नये.

टप्पा ४: कायदा आणि नियामक

विद्युत कायदा २००३ मध्ये यासाठी थेट तरतूद आहे: पारेषण परवानाधारकासाठी कलम ४१ आणि वितरण परवानाधारकासाठी कलम ५१. दोन्हींचा आशय असा की विद्युत नियामक आयोगाला पूर्वसूचना देऊन आपल्या मालमत्तेचा पुरेपूर उपयोग होईल असा अन्य व्यवसाय करता येतो. त्याच्या उत्पन्नातील आयोगाने ठरवलेला हिस्सा वीजवहनाचे आकार कमी करण्यासाठी वापरावा लागतो. त्याचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात. आणि त्या व्यवसायाच्या आधारासाठी वीज व्यवस्थेची मालमत्ता गहाण किंवा बोज्यात ठेवता येत नाही. गुजरातेतील कंपनीने गुजरात विद्युत नियामक आयोगाचे चालू विनियम काढून हिश्शाचे प्रमाण आणि सूचनेचा नमुना पाहावा. दुसऱ्या राज्यातल्या कंपनीचा आदेश समोर ठेवून इथला हिशेब करू नये, कारण प्रमाण प्रत्येक आयोगाचे आपापले असते.

इथे दोन टोकांच्या चुका होतात. काही कंपन्या ‘पूर्वसूचना’ या शब्दाचा अर्थ ‘नंतर वार्षिक अर्जात सांगू’ असा करतात, आणि मग पाच वर्षांचे उत्पन्न एकदम उघड करावे लागते. उलट काही कंपन्या आयोगाच्या मंजुरीची वाट पाहत वर्षभर थांबतात, जेव्हा कायद्याने मागितलेली असते ती आधी दिलेली सूचना. सूचना लेखी द्यावी, पोहोच घ्यावी आणि ती पोहोच मार्गांच्या फाइलीत लावावी.

दूरसंचाराची बाजू वेगळी आहे. डार्क फायबर, डक्ट, मार्गाधिकार (केबल नेण्याचा हक्क) आणि मनोरे भाड्याने देण्यासाठी दूरसंचार विभागाकडे पायाभूत सुविधा पुरवठादार म्हणून, म्हणजे आयपी-१ या प्रवर्गात, नोंदणी करण्याची पद्धत चालत आली आहे. दूरसंचार कायदा २०२३ खाली परवान्यांची ही रचना बदलत आहे, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेला प्रकार विभागाकडून लेखी खात्री करून घ्यावा. सार्वजनिक मालमत्तेवर दूरसंचार जाळे उभारण्याच्या अर्जांसाठी १ जानेवारी २०२५ पासून मार्गाधिकाराचे नवे नियमही लागू आहेत, आणि अशा अर्जांवर ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा लागतो, त्यामुळे खांबासाठी आलेला अर्ज टेबलावर पडू देऊ नये.

इशारा: दूरसंचाराचा महसुलावर आकारणी असलेला परवाना मूळ वीज कंपनीच्या नावावर घेण्याआधी कर आणि कायदा या दोन्ही सल्लागारांचे मत घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१९ च्या समायोजित सकल महसुलाच्या (एजीआर, म्हणजे ज्यावर परवाना शुल्क मोजले जाते त्या महसुलाच्या) निकालानंतर, मुख्य व्यवसाय दूरसंचाराचा नसलेल्या कंपन्यांनाही त्यांच्या संपूर्ण उत्पन्नावर आधारित मागण्या आल्या होत्या. आपल्या शेजारच्या भरूचमधील खत कंपनी जीएनएफसीकडे सुमारे १५ हजार कोटी रुपयांची मागणी झाली होती, आणि केंद्र सरकारची पारेषण कंपनी पॉवरग्रिडही त्यातून सुटली नव्हती. जून २०२० मध्ये सरकारने सार्वजनिक कंपन्यांवरील बहुतेक मागणी मागे घेत असल्याचे न्यायालयाला सांगितले, तरी मधले महिने त्या कंपन्यांनी कसे काढले असतील याचा विचार करावा. पॉवरग्रिडने पुढे आपल्या दूरसंचार कामासाठी वेगळी उपकंपनी स्थापन केली. मोठ्या प्रमाणावर काम करायचे असेल तर वेगळ्या कंपनीचा पर्याय सुरुवातीलाच तपासावा.

टप्पा ५: दर आणि करार

डार्क फायबरचा दर सामान्यतः दर जोडी, दर किलोमीटर, दर वर्ष असा असतो. कोणता किलोमीटर, हे लिहिलेले नसले की वाद सुरू होतो. वरच्या उदाहरणात मार्ग ४० किलोमीटरचा आणि फायबर ४१ किलोमीटरचे आहे. दहा-पंधरा वर्षांच्या करारात हा एक किलोमीटर दरवर्षी वादाचा विषय होतो. करारात मार्गाची लांबी धरावी, ती परिशिष्टात आकड्याने लिहावी आणि दोन्ही पक्षांनी त्यावर सही करावी.

यापेक्षा मोठा खड्डा दुरुस्तीच्या मुदतीचा आहे. दूरसंचार कंपन्यांचे तयार मसुदे काही तासांत फायबर जोडून देण्याची अट घालतात, आणि जमिनीखालच्या केबलसाठी ती रास्तही असते. ओपीजीडब्ल्यू मात्र चालू वाहिनीच्या माथ्यावर असते. तिथे हात लावायचा तर बहुतेक वेळा वाहिनी बंद ठेवावी लागते, ती कधी बंद ठेवायची हे भारप्रेषण केंद्र ठरवते, आणि उन्हाळ्याच्या भरात किंवा शेतीपंपांच्या मागणीच्या दिवसांत ती परवानगी तासांत मिळत नाही. म्हणून दुरुस्तीचा काळ वाहिनी बंद ठेवण्याची परवानगी मिळाल्यापासून मोजला जाईल, असे कलम करारात घालावे, आणि ग्राहकाने दुसरा मार्ग स्वतः ठेवावा हेही लिहावे. हे कलम मान्य नसलेला ग्राहक सोडून दिलेला बरा.

बाकीच्या अटी थोडक्यात: दंडाला वार्षिक भाड्याच्या प्रमाणात कमाल मर्यादा, ग्रिडच्या गरजेसाठी ठरावीक नोटिशीवर कोर परत घेण्याचा हक्क, पुढे पोटभाड्याने देण्यास लेखी संमती, आणि वाहिनीचा मार्ग बदलल्यास काय करायचे याची तरतूद.

टप्पा ६: खांबांवरील केबल

शहरातील खांबांचे उत्पन्न लहान आणि विखुरलेले असते, पण अपघाताची शक्यता इथेच सर्वाधिक असते. आधी प्रत्येक खांबाला क्रमांक रंगवावा आणि त्यावर आज कोणाच्या किती केबली आहेत हे फोटोसह नोंदवावे. परवानगी देताना कोपऱ्यावरचे आणि शेवटचे खांब वेगळे पाहावेत, कारण केबलचा ताण तिथे एकाच दिशेने येतो आणि सिमेंटचा खांब मागून ओढून धरणाऱ्या ताणतारेशिवाय कलतो. केबल नेहमी सर्वांत खालच्या वीजतारेच्या खाली, ठरवून दिलेल्या अंतरावर आणि रस्त्याच्या एकाच बाजूने न्यावी. ट्रान्सफॉर्मरच्या खांबांवर कोणालाही परवानगी देऊ नये. जास्तीची केबल खांबावर वेटोळे करून ठेवू नये. प्रत्येक खांबावर मालकाचे नाव असलेला टॅग हवा.

काम करणारी माणसे ग्राहकाची असली तरी चढण्यापूर्वी लाइन क्लिअर, म्हणजे तार बंद करून काम करण्याचा लेखी परवाना, आपल्या कनिष्ठ अभियंत्याच्या नावानेच घेतला जावा, तार बंद आहे हे तपासून अर्थिंग केल्याशिवाय कोणी चढू नये, आणि काम संपल्यावर माणसे मोजूनच परवाना परत द्यावा.

इशारा: बडोद्यात कामाची तारीख ठरवताना दोन सण लक्षात घ्यावेत. उत्तरायणाच्या आठवड्यात छतांवरून पतंग उडत असताना नवी केबल ओढू नये, आणि १५ जानेवारीनंतर प्रत्येक मार्गावरचा अडकलेला मांजा काढून केबलच्या वेष्टनाला कापले आहे का ते पाहावे. गणेशोत्सवाच्या आधी दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी अशा मिरवणुकीच्या रस्त्यांवर आडव्या जाणाऱ्या केबलींची उंची मोजावी. खाली आलेली केबल मिरवणुकीतली मुले काठीने उचलतात, आणि तिच्या जरा वर वीजतार असते. ही मोजणी करणे आपले काम आहे, मंडळांचे नाही.

टप्पा ७: हस्तांतरण

ग्राहकाची हद्द कुठे सुरू होते ते जागेवर ठरवावे. सर्वांत चांगली व्यवस्था म्हणजे कुंपणालगत, बाहेरून उघडता येणारी वेगळी पेटी. नियंत्रण कक्षातून तिथपर्यंत धातूविरहित केबल नेली की ग्राहकाच्या माणसांना यार्डात पाऊल ठेवावे लागत नाही. ही केबल धातूविरहितच हवी, कारण भूदोषाच्या वेळी, म्हणजे वीजप्रवाह जमिनीत उतरतो तेव्हा, उपकेंद्राच्या जमिनीचा विद्युत दाब एकदम वाढतो आणि तांब्याच्या तारेतून किंवा केबलच्या धातूच्या आवरणातून तो बाहेरच्या यंत्रापर्यंत पोहोचतो. त्याच कारणाने ग्राहकाच्या यंत्राला उपकेंद्राच्या बॅटरीवरून वीज देऊ नये.

पेटी जमिनीलगत बसवू नये. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, ते बडोद्यात कोणी विसरलेले नाही. पेटीचा पाया त्या पाण्याच्या खुणेच्या वर असावा आणि भूमिगत चेंबरमधील जॉइंट बॉक्सचे सील पावसाळ्यापूर्वी तपासावे.

कोर सोपवताना दोन्ही पक्षांसमोर दोन्ही बाजूंनी ओटीडीआर मोजणी करावी, आणि ते आलेख सहीसह कराराला जोडावेत. पुढे घट वाढल्याची तक्रार आली की तुलना याच आलेखांशी होते. कनेक्टर जोडण्याआधी प्रत्येक वेळी साफ करावा. चालू कोरच्या टोकात डोळ्याने डोकावू नये. त्यातला प्रकाश अवरक्त असल्याने दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

पडताळणी: सोपवलेल्या कोरचा क्रमांक, नळी आणि रंग करारात, वितरण पेटीवरील लेबलवर आणि टप्पा २ च्या नोंदवहीत एकच आहे का, हे तीन वेगळ्या माणसांनी पाहावे.

टप्पा ८: बिल आणि हिशेब

भाडे आगाऊ, तिमाही किंवा वार्षिक घ्यावे, आणि बिलावर १८ टक्के जीएसटी लावावा. या उत्पन्नासाठी वेगळे खाते-शीर्ष पहिल्या बिलाच्या आधी उघडावे. खर्चाची विभागणी जास्त काळजीने करावी: फायबरच्या दुरुस्तीसाठी गेलेली गाडी, अभियंत्याचे दिवस आणि ओटीडीआरची देखभाल यांचा वाटा या व्यवसायावर पडला नाही, तर वीजग्राहकाच्या पैशाने दूरसंचार व्यवसाय चालतो असा अर्थ निघतो, आणि कायद्याला नेमके तेच नको आहे. दौऱ्याच्या वहीत काम विजेचे होते की भाड्याच्या फायबरचे, हे त्याच दिवशी लिहिण्याची सवय लावावी. वर्षअखेरीस अंदाजाने केलेली विभागणी आयोगासमोर टिकत नाही. आयोगाने ठरवलेला हिस्सा दर-अर्जात स्वतंत्र ओळीत दाखवावा.

खांबांची मोजणी दरवर्षी एकदा पुन्हा करावी आणि ती बिल विभागाच्या यादीशी जुळवावी. बिलात दोनशे आणि रस्त्यावर तीनशे खांब, ही तफावत नव्या केबलीपेक्षा जुन्या परवानगीवर गुपचूप वाढवलेल्या मार्गांमुळे जास्त होते. टॅग नसलेल्या केबलीच्या मालकाला लेखी नोटीस द्यावी, मुदत द्यावी, आणि मुदतीनंतर ती लाइन क्लिअर घेऊनच उतरवावी.

कराराची मुदत संपल्यावर कोर तसाच सोडू नये. ग्राहकाच्या पॅच कॉर्ड काढून, कोर पुन्हा दोन्ही बाजूंनी मोजून आणि नोंदवहीत ‘देण्याजोगा’ किंवा ‘सदोष’ असे लिहूनच अनामत रक्कम परत करावी. खांबांवरची केबल असेल तर ती प्रत्यक्ष उतरल्याचा फोटो मिळेपर्यंत अनामत रोखून धरावी.